आपल्या भिंतीवर कुणाची तसबीर?

(मंडळाच्या सभागृहात १ मे रोजी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज १ मे. तिकडे महाराष्ट्र दिन, इकडे गुजरात स्थापना दिन. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्य मोडले आणि एकाच दिवशी दोन राज्ये झाली. तिकडे त्यासाठी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ लढली, इकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ लढली. दोघांनाही एकमेकांपासून वेगळे व्हायचे होते आणि दोघांचेही म्हणणे खरे झाले. मधल्या मध्ये आपण मात्र दोन्हीकडचे राहिलो. सकाळपासून आपल्या फोनवर दोन्ही शुभेच्छा येत आहेत आणि आपण दोन्हींना हात जोडून उत्तर देत आहोत. यात कुणाला खोटेपणा वाटत असेल, तर त्याने लिंबायतमध्ये चार दिवस राहून पाहावे.

आज बोलायचे आहे ते या समोरच्या मोकळ्या भिंतीबद्दल. सभागृहाला रंग काढायचा म्हणून जुन्या तसबिरी उतरवल्या, तेव्हा निम्म्या चौकटी वाळवीने खाल्लेल्या निघाल्या. नव्या करून घेऊ असे ठरले. मग प्रश्न आला, कुणाच्या? जागा चारच खिळ्यांची आहे, कारण बाकी भिंत खिडक्यांनी आणि त्या कुलरने घेतली आहे. कार्यकारिणीच्या तीन बैठका यावर झाल्या. पाण्याच्या जोडणीवर आम्ही इतके भांडलो नव्हतो. तेव्हा सर्व सभासदांपुढे आमचे म्हणणे मांडावे आणि मग खिळे ठोकावेत, असे ठरले आहे.

पहिल्या खिळ्यावर वाद नव्हता. छत्रपती शिवाजी महाराज. पण नेमकी त्याच तसबिरीवरून आमच्यात सर्वात लांब चर्चा झाली, आणि ती सुरू केली एका सभासदाच्या नातवाने. पोरगा सातवीत, गुजराती माध्यमात. शाळेतून आला आणि आजोबांना म्हणाला, "आजोबा, शिवाजी महाराज आपले ना? मग त्यांनी आपलं सुरत का लुटलं?" आजोबा गप्प झाले. त्या पोराच्या एका वाक्यात दोनदा 'आपलं' आले आणि त्याला ते दोन्ही मनापासून म्हणायचे होते.

या प्रश्नाला आपण आजवर दोन उत्तरे देत आलो. शेजारच्या शेठजींनी चहाच्या टपरीवर हसत हसत विषय काढला की आपण म्हणतो, "अहो, ती लूट नव्हतीच." आणि आपली आपली मंडळी जमली की छाती फुगवून सांगतो, "आमच्या राजानं सुरत लुटली!" दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राचे त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महाराजांनी सुरत लुटली नव्हती अशा अर्थाचे विधान केले, त्यावरून तिकडे मोठा वाद पेटला. त्याआधी २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे आपल्या आमदारांना घेऊन सुरतेला आले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या सभांमध्ये 'सुरत' हा शब्द टोमण्यासारखा वापरला जातो. गावाकडे लग्नाला गेलो की आपल्याला विचारतात, "काय, सुरतवाले, काय म्हणता?" आणि हसतात. आपले घर ज्या गावात आहे, त्या गावाचे नाव दुसऱ्यांच्या भांडणात शिवीसारखे वापरले जाते आणि आपणही त्या हसण्यात हसतो.

त्या पोराला खरे सांगायला हवे. १६६४ च्या जानेवारीत महाराज दक्षिणेकडून आले. गणदेवीला पोचल्याची बातमी सुरतेत आली आणि लोक पळू लागले. (गणदेवी आणि लिंबायत आज एकाच नवसारी लोकसभा मतदारसंघात आहेत, हे सहज सांगतो.) महाराजांचा तळ शहराच्या पूर्वेला, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला. तोच दरवाजा, ज्याची वाट खानदेशातून बुऱ्हाणपूरला जाई. सुभेदार इनायत खान लोकांना तसेच टाकून किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी सांभाळल्या. चार दिवस शहर लुटले गेले, मोठा भाग जळाला. विरजी व्होरा या त्या काळच्या गडगंज व्यापाऱ्याचा वाडाही सुटला नाही. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा स्वारी झाली.

का आले, तेही सांगायचे. त्याआधीची तीन वर्षे शाहिस्तेखानाने पुण्यात तळ ठोकून मुलूख उजाड केला होता. सुरत हे मोगलांचे सर्वात श्रीमंत बंदर, हजची वाट, बादशहाच्या तिजोरीचे दार. तिथे घाव घातला की दिल्लीला कळणार होते. आणि कसे वागले, तेही सांगायचे. बर्नियर नावाचा फ्रेंच प्रवासी लिहून गेला आहे की फादर अँब्रोज या ख्रिस्ती साधूच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही, आणि डचांचा एक मृत दलाल दानशूर होता म्हणून त्याचे घरही सोडले. पण त्याच चार दिवसांत ज्यांची घरे जळाली, त्यांत बादशहाशी काही देणे-घेणे नसलेली साधी माणसेही होती. तेही पोराला सांगायचे. त्यांची लेकरे-नातवंडे आजच्या गोपीपुऱ्यात, भागळवर राहत असतील आणि आपल्याच मार्केटमध्ये आपल्याबरोबर काम करत असतील.

इतके सांगितले तर महाराज काही लहान होत नाहीत. उलट ज्याला अर्धेच सांगितले जाते, तो पोरगा उरलेले अर्धे बाहेरून ऐकतो, आणि तेही वाकडे करून सांगितलेले. त्या आजोबांच्या घरी शेवटी उत्तर दिले ते आजीने, अहिराणीत : "तो बी आपलाच शे, आनि हाई गाव बी आपलंच शे." आम्हा कार्यकारिणीच्या अकरा जणांना तीन बैठकांत जे जमले नाही ते तिने चुलीपुढे बसल्या बसल्या उरकले. महाराज सुरतेत चार दिवस राहिले. आपल्यातल्या कित्येक घरांना इथे पन्नास वर्षे झाली. १९९४ च्या प्लेगमध्ये गाड्या भरभरून आपण गाव गाठले होते. तिकडे शेत होते, घर होते, म्हातारे आईबाप होते. तरी महिन्या-दोन महिन्यांत परत आलो, कारण लूम इथे होते आणि पोरांच्या शाळाही इथे होत्या. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे पाणी सुटले तेव्हा तर पळायलाही वेळ मिळाला नाही.

म्हणून पहिल्या खिळ्यावर महाराज राहतील. खाली नाव मराठीत आणि गुजरातीत लिहू. वर्षे लिहू. आणि कुणी पोराने विचारले तर उत्तर देऊ.

दुसऱ्या खिळ्यासाठी आम्ही सुचवले ते महाराजा सयाजीराव गायकवाड. एक-दोघांनी लगेच म्हटले, "ते तर बडोद्याचे, आपला काय संबंध?" संबंध असा की १८६३ साली हा मुलगा नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी जन्मला. नाव गोपाळ. शेतकऱ्याचे पोर. आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावरचे गाव. १८७५ साली त्याला दत्तक घेतले आणि बाराव्या वर्षी तो गादीवर बसला. आपल्यातले किती जण बारा-पंधराव्या वर्षी काकाच्या नाहीतर मामाच्या हाताला धरून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरलो! राजवाडा आपल्याला नव्हता, इतकाच काय तो फरक.

त्यांच्या राज्याचा नवसारी प्रांत आपल्या शेजारीच होता, आणि गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड, जिथून आपली गाडी रोज जाते. पण त्यांची तसबीर लावायची ती राज्यासाठी नाही. या माणसाने मराठी राजा असून गुजराती रयतेचा कारभार गुजरातीत चालवला, आणि सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत सुरू करून १९०६ पर्यंत सगळ्या संस्थानात नेले. ब्रिटिश मुलखात तेव्हा याचे नुसते बोलणे चालू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवणारी शिष्यवृत्ती त्यांचीच. बाबासाहेबांची तसबीर आपल्या वाचनालयात आधीपासून आहे आणि ती तिथेच शोभते, असे त्या भागातल्या सभासदांचेच म्हणणे पडले. सयाजीरावांवर मग एकमत झाले.

तिसऱ्या खिळ्यावर मात्र खरी चुरस झाली. पुरुष मंडळींचे म्हणणे साने गुरुजी, महिला मंडळाचे म्हणणे बहिणाबाई. साने गुरुजींच्या बाजूने एक फार चांगला मुद्दा मांडला गेला, तो सांगतोच. गुरुजी खानदेशचे नव्हेतच. कोकणातल्या पालगडचे. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तरकी करायला आले, सहा वर्षे शिकवले, आणि त्यानंतर जन्मभर खानदेशचे होऊन राहिले. आज अमळनेरच्या माणसाला विचारा, तुमचा मोठा माणूस कोण, तो साने गुरुजींचे नाव घेईल, त्यांचे गाव कोणते ते बहुधा विचारणार नाही. पोटासाठी परगावी आलेला माणूस त्या मुलखाची ओळख होऊन बसतो, हे आपल्याला फार जवळचे आहे.

महिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी आम्हालाही प्रिय. पण चारही खिळ्यांवर पुरुषच?" आमच्याकडे याला उत्तर नव्हते. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. अक्षरओळख नाही, शेतात नि जात्यावर गाणी रचली, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांनी वाचून दाद दिल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव लागले. त्यांची बोली लेवा, आपल्यातल्या बहुतेकांची अहिराणी. तरी ऐकताना घरचेच वाटते. शिवाय आपल्यातल्या ज्या आया-आज्यांनी साडीवर टिकल्या लावून, धागे कापून घरे उभी केली, त्यांतल्या कितीजणींना लिहिता येत होते? बहिणाबाई लागल्या. गुरुजी वाचनालयात, बाबासाहेबांच्या शेजारी जातील. ते तिथे जास्त रमतील.

याच बैठकीत कानबाईचा विषय निघाला. कुणी तरी म्हणाले, सगळ्यांचे सोडा, आपल्या लोकांची खरी खूण कानबाई, तिचाच फोटो लावा. आणि एक वयस्कर बाई एकदम म्हणाल्या, "कानबाईचा फोटो नसतो रे बाबा. ती घरी येते." सगळे हसले, पण खरेच आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या पलीकडे कानबाई माहीत नाही. मुंबईकरांना सांगावे लागते. आपल्याकडे मात्र श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार आला की लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम इथे गल्ली-गल्लीत माणूस मावत नाही. घरातल्या माणसांगणिक मूठ-मूठ मोजून गहू काढायचे, त्यांचे रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ हीच देवी. तिला डोळे, नथ, साडी. रात्रभर अहिराणी गाणी. सोमवारी सकाळी बायका डोक्यावर घेऊन निरोप द्यायला तापीवर जातात. रोट भाऊबंदांतच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. त्यामुळे वर्षभर न बोललेले भाऊही त्या दिवशी एका ताटाशी बसतात. गावाकडे प्रकाशाला नाहीतर सावळद्याला जी नदी, तीच इथे. आपल्या पूर्वजांनी कानबाई तापीत वरच्या अंगाला सोडली, आपण खालच्या अंगाला सोडतो.

आता थोडे कडू बोलतो. गेल्या काही वर्षांत कानबाईच्या मिरवणुकीपुढे जो फलक लागतो, त्यावर देवीपेक्षा इच्छुक उमेदवारांचे फोटो मोठे असतात. शिवजयंतीलाही तेच. डीजेच्या आवाजात बायकांची गाणी ऐकू येत नाहीत. आणि ज्या पोरी ती गाणी शिकायच्या, त्या आता फोनवर शूटिंग करत असतात. राजकारण वाईट असे आम्ही म्हणत नाही. ही पत्रिका राजकारणाचीच आहे. लिंबायत मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत झाला, २०१२ पासून संगीताताई पाटील इथून निवडून येत आहेत, सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मून २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. आपल्या मतांना वजन आहे आणि ते मिळायला फार वर्षे लागली. तेव्हा त्या वजनाचा उपयोग कशासाठी होतो, हे पाहायला हवे. मत मागायला येणारा महाराजांच्या तसबिरीला हार घालतो, आणि आपण तेवढ्यावर खूश होतो.

चौथा खिळा. इथे आम्ही जे नाव सुचवतो त्यावर काही सभासद नाराज आहेत, हे माहीत आहे. कवी नर्मद.

म्हणतात, "तो त्यांचा. त्यांनी त्यांच्या भिंतीवर लावावा." आमचे ऐका. नर्मदाशंकर लालशंकर दवे, जन्म १८३३, सुरत. त्यांचे घर आमलीरानला आहे, इथून रिक्षाने जेमतेम अर्धा तास. गुजरातीचा पहिला मोठा शब्दकोश, 'नर्मकोश', एकहाती केला. विधवाविवाहाच्या बाजूने लिहिले, बोलले, नुसते बोलून थांबले नाहीत. आपली पोरे ज्या विद्यापीठातून बी.कॉम. होतात त्याला त्यांचे नाव आहे. आणि या माणसाने, गुजरात कुणाची असा सरळ प्रश्न घालून एक कविता लिहिली. तिच्यात गुजराती बोलणाऱ्यांबरोबर बाहेरून येऊन या मातीत वाढलेल्यांनाही, तिचे भले चिंतणाऱ्या परधर्मीयांनाही त्यांनी भाऊ म्हटले आहे. दीडशे वर्षांपूर्वी! आपण अजून रेशनकार्डावरच्या पत्त्यासाठी भांडतो आहोत, आणि सुरतेच्या सर्वात मोठ्या कवीने आपला हक्क कधीच लिहून ठेवला आहे. ही तसबीर आपण लावायची नाही तर कुणी लावायची?

आणि दोन भाषांचे हे येणे-जाणे नर्मदच्याही आधीचे आहे. दुर्गाराम मेहताजींनी १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा काढली, तेव्हा त्यांचे सोबती होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे पुस्तक लिहिणारे. ते तेव्हा सुरतेत शिक्षक होते. मराठीचे व्याकरण घडवणारा माणूस सुरतेत पोरे शिकवत होता, हे आपल्यातल्या एकालाही शाळेत कुणी सांगितले नाही. आम्हालाही नव्हते.

हे सगळे बोलताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तसबिरींखाली मराठीत नावे लिहू, पण वाचणार कोण? आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या तुकड्या असत. आता दोन इयत्ता एका खोलीत, आणि एका शिक्षिकेला दोघांनाही शिकवायचे. दोष एकट्या शाळेचा नाही. आपणच पोरांना काढून इंग्रजी माध्यमात घातले, फी भरायला ओव्हरटाइम केला. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे झाले. ते योग्यच आहे, आपली पोरे या राज्यात वाढतात. महाराष्ट्रानेही २०२० साली मराठीसाठी तसाच कायदा केला. पण आपल्या मराठी शाळांतल्या रिकाम्या जागा भरा, एका वर्गाला एक शिक्षक द्या, हे मागायला कायदा कशाला हवा? महापालिकेची निवडणूक आली की जो कुणी या सभागृहात पायरी चढेल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याने या भिंतीखाली उभे राहून एवढे सांगावे : मराठी शाळेसाठी मागच्या पाच वर्षांत काय केले, पुढच्या पाच वर्षांत काय करणार. आम्ही ते या पत्रिकेत त्याच्याच शब्दांत छापू. पाच वर्षांनी पुन्हा छापू. हार घालायचा की नाही, ते त्यानंतर.

आता व्यवहाराचे. नर्मद यांचा २४ ऑगस्ट हा जन्मदिवस जागतिक गुजराती भाषा दिन म्हणून पाळतात. आणि बहिणाबाईंची जयंतीही लोक २४ ऑगस्टलाच करतात. महिला मंडळाने हे शोधून काढले तेव्हा चौथ्या खिळ्याचा वाद निम्मा तिथेच मिटला. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता इथे दोघांचा एकत्र कार्यक्रम ठेवू. आपली मुले नर्मद गुजरातीत वाचतील, आणि शेजारच्या सोसायटीतल्या गुजराती मुलांनी बहिणाबाई मराठीत वाचावी अशी विनंती आम्ही करणार आहोत. दोघींनी आधीच होकार दिला आहे. कानबाईची गाणी ज्या आजीबाईंना येतात, त्यांची नावे महिला मंडळाकडे द्यावीत. ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची आहेत, या श्रावणाच्या आत.

चौकटींची वर्गणी अजून थोडी कमी पडते, पावतीपुस्तक दाराजवळ आहे. सयाजीरावांचा चांगला, मोठा फोटो कुणाच्या घरी असेल तर आणून द्यावा. बाजारात मिळाला तो फार धूसर आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला शिडी लागेल. ज्यांचा नर्मदवर अजून आक्षेप आहे त्यांनी साडेआठला यावे, चहा ठेवला आहे.